भोपाळचं मानव संग्रहालय बघून आलो, आपल्या विदर्भात असं एखादं गाव का नाही?

धंतोलीची_सून

मंडळी, सुट्टीत भोपाळला जाऊन आलो. खरं तर जायचं होतं पचमढीला पण हॉटेल मिळालं नाही आणि मग कोणीतरी म्हटलं भोपाळ करा, तलाव आहे, मुलं रमतील. मुलांना वॉटरपार्क हवा होता, नवऱ्याला झोप हवी होती आणि सासूबाईंना काहीच नको होतं, "घरीच बरी होती मी" असं पांढुर्णा येईपर्यंत चालू होतं. आणि शेवटी सगळ्यात जास्त रमल्या त्या सासूबाईच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय म्हणून आहे श्यामला हिल्सवर, दोनशे एकराचा परिसर, खाली बडा तलाव दिसतो. संस्था १९७७ ला दिल्लीत सुरू झाली आणि नंतर भोपाळला आली. म्युझियम म्हटलं की आपल्याला नागपूरचा अजब बंगला आठवतो, काचेची पेटी, आत भाला, खाली चिठ्ठी. इथे आख्खी घरंच्या घरं उभी आहेत, डोंगरउतारावर, झाडीत, एकातून निघून दुसऱ्यात जायचं. वारली घर आहे, तोडांचं आहे, संथाळांचं आहे, राजस्थानच्या वाळवंटातलं आहे, केरळचं आहे, आणि ही घरं कोण्या कंत्राटदाराने बांधली नाहीत, त्या त्या समाजाची माणसं गावाहून आली, आपलं लाकूड-बांबू-गवत घेऊन आली आणि स्वतः बांधून गेली. झेमी नागांचं मोरुंग म्हणजे गावातल्या बिनलग्नाच्या पोरांनी रात्री एकत्र राहायचं घर, त्याचं समोरचं छप्पर इतकं उंच की माझा धाकटा मान मागे टाकून बघत बघत मागच्या माणसावर आपटला. हिमाचलच्या घरात भिंतीला एक थर दगड एक थर लाकूड, मध्ये चुना नाही सिमेंट नाही, भूकंपात हलतं पण कोसळत नाही म्हणे.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. छत्तीसगढच्या सरगुजाकडचं रजवार समाजाचं घर आहे तिथे, आत ओसरीला मातीची जाळी. बांबूच्या पातळ कामट्या गोल वळवून एकमेकींना बांधायच्या, वरून मातीचा लेप द्यायचा आणि त्या गोलांमध्ये छोटे छोटे पक्षी, माकडं, माणसं बसवायची. याच कामासाठी सोनाबाई रजवार यांना १९८३ ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. सासूबाई म्हणाल्या, "बाई, हे तर बांगड्याच लिंपल्या भिंतीत." त्यांचं माहेर साकोलीकडलं, त्यामुळे हात लावायचा नाही लावायचा नाही म्हणेस्तोवर बोट फिरवून झालं होतं. थोडं पुढे एका अंगणात लिंपणाचं काम चालू होतं, तिथे एक बाई माती कालवत बसली होती, बस, सासूबाई तिच्याजवळच बसल्या. शेण किती घेता, भुसा कोणता, तणस कापून टाकता का तशीच, माती किती दिवस भिजवता. ती छत्तीसगढी हिंदी बोलून राहिली, ह्या झाडीबोली, आणि दोघींचं बरोबर जमलं. आम्ही पुढचं सगळं बघून परत आलो तरी उठायला तयार नाहीत.

तेव्हा मला वाटलं की अशा जागेत जिवंतपणा असतो तो इथे. घर उभं करणं एकदाच होतं हो, पण मातीचं घर दरवर्षी मागतं, लिंपण मागतं, गवत मागतं, कवेलू म्हणजे कौलं फेरणं मागतं. ते करणारे हात येत राहिले तर गाव जिवंत, नाहीतर तो नुसता सेट.

आपल्याकडे हायवेला एक "पारंपरिक गाव" आहे, नाव घेत नाही, तिथेही नेलं होतं यांना. सिमेंटच्या झोपड्या, वरून मातीचा रंग, आत एसी, बंडीवर सेल्फी पॉइंट, फेटा बांधलेला पोट्टा पिझ्झा आणून देतो आणि ओसरीत डीजे. तिथे सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत.

तर प्रश्न असा की विदर्भात खरं काही का नाही? कोणाला माहीत असेल तर सांगा.

तर्रीवाला

लय भारी लिहिलं ताई. पण भोपाळचे पोहे खाल्ले का? तर्री नाही काही नाही वरून शेव आणि जिलेबी, त्याले पोहे कायले म्हणतेत तेच समजत नाही.

बाकी सीरियस प्रश्न, म्हाताऱ्या माणसांना झेपते का? आमचे बाबा गुडघ्याचे पेशंट आहेत. आणि एका दिवसात होते का?

धंतोलीची_सून

चालणं भरपूर आहे, चढउतार आहे, सकाळी लवकर सुरू करा आणि सगळं बघायचा हट्ट धरू नका. आदिवासी घरांचा भाग आणि हिमालयाचा भाग केला तरी पैसे वसूल. परिसरातच प्रागैतिहासिक चित्रं असलेले शैलाश्रय आहेत, ते बहुतेक लोक सोडूनच देतात, सोडू नका. सोमवारी बंद असतं. शेजारीच मध्यप्रदेशचं जनजातीय संग्रहालय आहे, २०१३ चं, तेही बघा पण दुसऱ्या दिवशी. तिथे गोंड, भिल्ल, कोरकू, बैगा वगैरेंचं जगणं कलाकारांनी मांडलंय, दिसायला फारच देखणं, फोटो काढणाऱ्यांची चंगळ. मला मात्र पहिलंच जास्त आवडलं. आणि हो, गाडी जीटी घ्या नाहीतर दक्षिण, रोडने घाटात ट्रकच्या मागे जीव जातो.

ऑस्लोतून

मूळचा सक्करदऱ्याचा, सध्या नॉर्वेत. या प्रकाराची सुरुवात इकडची आहे म्हणून थोडं लिहितो. सगळीकडे स्टॉकहोमचं स्कान्सेन पहिलं असं वाचायला मिळतं, आर्तुर हाझेलिउस नावाच्या माणसाने १८९१ ला सुरू केलं. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १८८१ ला, राजा ऑस्कर दुसरा याने आमच्या इथे बिग्दॉयला जुनी शेतघरं आणून उभी करायला सुरुवात केली होती, गोल गावचं मध्ययुगीन लाकडी चर्च पण तसंच उचलून आणलंय. गंमत म्हणजे तेव्हा स्वीडन आणि नॉर्वे दोन्हींचा राजा हाच, त्यामुळे भांडायचं तरी कसं. तेव्हा कारखाने वाढून राहिले होते, लोक गाव सोडून शहरात नाहीतर थेट अमेरिकेत चालले होते, तेव्हा या लोकांना वाटलं की आत्ता नाही उचललं तर काही उरणार नाही. आपल्याकडे आज तीच वेळ आहे.

इकडे जुन्या वेशातली माणसं काम करताना दिसतात, बाई चुलीवर भाकरीसारखं काहीतरी भाजते आणि आपल्याला खायला देते. चव यथातथाच.

चुनखडी

ऑस्लोवाले, एकदम बरोबर. मी पेशाने आर्किटेक्ट, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते. यात दोन प्रकार असतात आणि लोक ते मिसळतात. भोपाळला बहुतेक घरं नव्याने, पण जुन्या पद्धतीने, त्याच लोकांनी बांधलेली. दुसरा प्रकार म्हणजे खरंखुरं जुनं घर सुटं करून दुसरीकडे परत उभं करायचं. आपल्या देशात त्याचं चांगलं उदाहरण चेन्नईजवळ मुट्टुकाडूचं दक्षिणचित्र. १९९६ ला लोकांसाठी उघडलं. चेट्टिनाडचं घर, केरळचं सीरियन ख्रिश्चन घर, विणकराचं घर, जी मालक पाडायलाच निघाले होते अशी घरं विकत घेतली, लाकूड ट्रकने आणलं आणि जसंच्या तसं बसवलं. आखणीत आर्किटेक्ट लॉरी बेकर यांचा हात होता. आणि तिथे कुंभार खरंच चाकावर असतो.

आणि कोल्हापूरजवळ कणेरी मठाला जे ग्रामजीवनाचं म्युझियम आहे ते तिसराच प्रकार, तिथे माणसं पुतळ्यांची. बलुतेदार, बैलं, विहीर, सगळं पुतळ्यांत. शाळेच्या मुलांना समजायला उत्तम, मी नावं ठेवत नाही, पण धागाकर्तीचा जो मुद्दा आहे त्यात ते बसत नाही, पुतळ्याला दरवर्षी लिंपावं लागत नाही.

कोयतूर

मी एटापल्ली तालुक्यातला, नोकरीसाठी नागपुरात. सगळं वाचलं, चांगलं लिहिताय, राग मानू नका. पण माझ्या मामाचं घर आत्ताही तसंच आहे. बांबूचा कुड, त्यावर माती, वर कवेलू, भोवती कुंपण. तुम्ही जे तिकीट काढून बघता त्यात माझी मामी रोज भात शिजवते. गावात गोटुल आहे, तिथे गावाची बैठक बसते, पाहुणा आला की तिथे उतरतो, पंडुम म्हणजे आमचा सण असला की तिथूनच सुरू होते. ते आमच्यासाठी जुनं नाही, आजचं आहे.

मला दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे घराच्या पाटीवर समाजाचं नाव असते, बांधणाऱ्या माणसाचं नाव नसते, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलं. चित्रकाराचं नाव चित्राखाली लिहिता ना? मग घर बांधणाऱ्याचं काहून नाही? दुसरी म्हणजे मातीचं घर सुंदर आहे हे सांगणाऱ्याला पावसाळ्यात त्यात राहायचं नसते. घरकुल मंजूर झालं की माझा मामाही पक्कं बांधणार, आणि त्याने बांधायलाच पाहिजे. कोणी येऊन त्याला म्हणू नये की बाबा तू असाच राह, आम्हाला बघायला बरं वाटते.

धंतोलीची_सून

कोयतूरदादा, राग कशाचा. पाटीचा मुद्दा तर शंभर टक्के. आणि राहायच्या मुद्द्यावर सासूबाईंनाच विचारलं होतं मी, परतीच्या गाडीत, की आई जाल का परत अशा घरात राहायला? म्हणाल्या, "मी? मले गॅस पाहिजे बाप्पा, अन् संडास घरात पाहिजे. सकाळी चारले उठून सडा टाकून पाहा एकदा मंग सांग." म्हणजे कौतुक वेगळं आणि राहणं वेगळं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

इंदोरा_चौक

हा धागा छान वाटला म्हणून पहिल्यांदाच लिहितोय. विदर्भात असं गाव करा, जरूर करा. फक्त एक विचारतो, आमचा मोहल्ला कुठे दाखवणार? पाटलाचा वाडा येईल, लोहाराचा भाता येईल, मारुतीचं देऊळ येईल, सपरीत बाज येईल. आणि गावाच्या बाहेरची आमची घरं? आमची वेगळी विहीर? माझी आजी सांगायची की गावच्या विहिरीवर थोड्या अंतरावर घागर ठेवून थांबायचं, कोणी वरून ओतलं तर पाणी. चवदार तळं १९२७ चं, त्यानंतरही कितीतरी वर्षं हे चालू होतं. हे दाखवलं नाही तर ते गाव खोटं, मग त्यात शेण किती आणि भुसा किती याला काही अर्थ नाही.

आमच्या लोकांनी गाव सोडून नागपुरात येणं ही सुटका होती. सगळ्यांना गावाची आठवण गोडच असते असं नाही.

ऑस्लोतून

हा मुद्दा अमेरिकेत पण झालाय आणि तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग म्हणून आख्खं जुनं शहर १९२६ पासून रॉकफेलरच्या पैशाने दुरुस्त केलं. टोप्या घातलेल्या बायका, घोडागाडी, लोहार, सगळं चकाचक. आणि अठराव्या शतकात त्या शहरातली जवळपास निम्मी वस्ती काळ्या माणसांची, बहुतेक गुलाम, त्यांच्याबद्दल कितीतरी वर्षं अवाक्षर नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी कुठे त्यांच्यावर कार्यक्रम सुरू झाले. १९९४ ला तिथे गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखवला तर दोन्ही बाजूंनी वाद, काहींना वाटलं तमाशा करताय, काहींना वाटलं उशिरा का होईना खरं दाखवताय. पण तो काळ्या कर्मचाऱ्यांनीच बसवला होता, हे महत्त्वाचं. आपल्याकडे विहिरीचा प्रसंग दाखवायचा तर तो कोणी लिहायचा हे आधी ठरलं पाहिजे.

तर्रीवाला

धागा कुठून कुठे गेला बे. पण चांगला गेला.

आष्टी_वर्धा

विदर्भात नाही असं कसं म्हणता, सेवाग्राम आहे की. नागपूरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत. गांधीजी १९३६ ला तिथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापूकुटी म्हणजे आपल्याच भागातलं घर आहे, माती, बांबू, कवेलू. आत भिंतीवर मीराबेननी मातीतच उठावाने ताडाची झाडं आणि चरखा काढलाय, घाईत असाल तर दिसतही नाही. साप पकडून लांब सोडायचा लाकडी चिमटा आणि पेटी ठेवलीये, माझ्या पोरांना बाकी काही आठवत नाही पण चिमटा आठवतो. आणि तिथे डागडुजी मातीनेच होते, जमीन सारवलेली असते, पायाला गार लागते.

तिथे सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते. कोणी वेश घालून काही करून दाखवत नाही.

कुहीवाला

सेवाग्राम एका मोठ्या माणसाचं घर म्हणून राहिलं हो. आमच्यासारख्यांचं काय राहिलं सांगू का.

आमचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. धरणाची कोनशिला १९८८ ची, राजीव गांधी आले होते, तेव्हा मी खांद्यावर बसून बघायला गेलो होतो म्हणतात. मग कितीतरी वर्षं नुसतंच आज उठणार उद्या उठणार. घर पडकं झालं तरी कवेलू फेरायचे नाहीत, कारण कशाला खर्च, जायचंच आहे. शेवटी पुनर्वसनात प्लॉट मिळाला, सिमेंटचं घर झालं, ठीक आहे.

पण जाताना लोकांनी काय काय उपसून नेलं ते डोळ्यासमोर आहे. आमच्या आजोबांनी केलेला सागवानी दरवाजा, खाली उंबरा, वर गणेशपट्टी, त्याला लोखंडाचा एकही खिळा नव्हता. ट्रकवाला आला आणि वजनाच्या हिशोबात घेऊन गेला. धान ठेवायचा बांबूचा ढोला, शेणाने लिंपलेला, माणूस उभा राहील एवढा, तो कोणालाच नको होता, तो तिथेच राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचा भाग दिसतो, लोक जाऊन नारळ फोडून येतात.

तेव्हा जर कोणी एक तरी गल्ली, मी म्हणतो इंदोरावाल्या दादांच्या मोहल्ल्यासकट, उचलून उंचावर ठेवली असती ना, तर आज धागाकर्तीला भोपाळला जावं लागलं नसतं.

गडमंदिर

कुहीवाले भाऊ, तुमची पोस्ट वाचून लिहायला बसलो. आमचं रामटेक तालुक्यात घर आहे, वाडा म्हणण्याएवढं मोठं नाही पण दोन चौकांचं, मातीच्या भिंती, सागवानी खांब. काका एकटे राहतात. त्यांनी लाकडाच्या व्यापाऱ्याला बोलावून भाव काढलाय, उन्हाळ्यात पाडणार, तिथे स्लॅबचं बांधणार. त्यांचंही बरोबर आहे, मागची भिंत फुगलीये. मध्यंतरी एका मिस्त्रीने तिला सिमेंटचं प्लास्टर करून दिलं तेव्हापासून जास्तच.

मला अडवायचं नाही त्यांना. पण निदान काहीतरी राहावं असं वाटून राहिलं. काय करता येईल?

चुनखडी

सिमेंटनेच घात केला. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, वरून सिमेंट चढवलं की ओल आत अडकते, माती मऊ पडते आणि प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटून येताना मातीही घेऊन येतं. आता ती भिंत वाचवणं कठीण, पण लाकूड वाचतं.

ऐका. पाडायच्या आधी घराचं मोजमाप करून नकाशे काढायचे, तळाचा, उभा छेद, छपराचा. प्रत्येक खोलीचे चारही बाजूंचे फोटो, टेप लावून. मग प्रत्येक लाकडाला नंबर, आणि खडूने नाही, पत्र्याच्या छोट्या पट्टीवर ठोकून तो लाकडाला लावायचा, कारण खडू एका पावसात जातो. कोणता खांब कोणत्या तुळईखाली हे नकाशावर तोच नंबर टाकून लिहायचं. उतरवताना बांधणीच्या उलट्या क्रमाने, आधी कवेलू, मग वासे, मग मयाल, मग तुळया, शेवटी खांब. जुन्या कामात खाच आणि तिच्यात बसणारी कूस असते, मध्ये लाकडी खुंटी, ती खुंटी मागून ठोकली की निघते, पण मजुराला सांगितलं नाही तर तो सरळ करवत लावतो आणि तिथेच सगळं संपतं. भिंतीची माती टाकायची नाही, तीच भिजवून परत वापरता येते. जाती, उखळ, पाटा, देवळीतला दिवा, कुठे होतं तेही लिहून ठेवा.

काकांना म्हणा व्यापाऱ्याला लगेच हो म्हणू नका. विकायचंच असेल तर नंबरासकट, नकाशासकट विका, घेणारा निदान दरवाजाचं टेबल करणार नाही. आणि घर कोणीच घेतलं नाही तरी नकाशे राहतील.

कोयतूर

आणि काकांना बसवून कोणी बांधलं ते विचारा. सुतार कोण, माती कोणी मळली, कवेलू कोणत्या कुंभाराचे. नावं लिहा.

इंदोरा_चौक

पाणी कोण कुठून भरत होतं तेही विचारा, मोकळेपणाने सांगतील तर.

गडमंदिर

विचारतो. काका बोलतात, फक्त ऐकू कमी येतं त्यामुळे मोठ्याने विचारावं लागेल आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल. सुतार नगरधनचा होता एवढं मला माहीत आहे.

मोजमाप मात्र मला येत नाही.

चुनखडी

मी येते. माझ्याकडे लेझर मीटर आहे, कॉलेजची दोन पोरं पण घेऊन येईन, त्यांना शिकायला मिळेल. येत्या रविवारी चालेल का? शिडी लागेल, मयालीपर्यंत पोचणारी.

कुहीवाला

शिडी माझ्याकडे आहे, छोट्या हत्तीत टाकून आणतो. मलाही बघायचंय घर.

धंतोलीची_सून

सासूबाई विचारतायत त्यांना आणलं तर चालेल का. मागची भिंत त्यांना बघायचीये म्हणे.

तर्रीवाला

डबा मी आणतो, पण कांदेपोहे नाही, सांगून ठेवतो. मनसरच्या पुढे टोल लागते का सध्या?